काढलेली गाठ टाकून देऊ नका

नौपाड्यातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज दोन-चार बरण्या येतात. झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने नाव, वय आणि 'पाठीवरची गाठ' किंवा 'डावा दंड' असं काहीतरी. आत फॉर्मालिन, म्हणजे गाठ कुजू न देणारं रसायन, आणि त्यावर तरंगणारा पिवळा गोळा. तरंगतोय म्हणजे चरबी, हे आता काउंटरवर बसणारी मुलगीसुद्धा सांगते. बरणी आणणारा मुलगा, जावई, कधी स्वतः पेशंट, पावती घेताना एकच विचारतो, "मॅडम, साधीच असेल ना?"

बहुतेकदा साधीच असते. मला काळजी वाटते ती आमच्यापर्यंत न पोचणाऱ्या बरण्यांची. गाठ काढली, ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवली, "चरबी होती, काही नाही" असं सांगितलं आणि गाठ कचऱ्यात गेली. अशा बहुतेकांचं पुढे काहीच बिघडत नाही. पण एखाद्याला दोन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा गाठ येते, आणि पहिली गाठ कसली होती हे सांगायला कुणाकडे काही उरलेलं नसतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गाठी तपासणं हेच माझं काम. चरबीची गाठ नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग लोकांना नीट समजावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी साधी गाठ. आपल्या कातडीखाली सगळीकडे चरबीचा थर असतो. त्यातल्या काही पेशी एका ठिकाणी जास्त वाढतात, भोवती पातळ पापुद्रा तयार होतो आणि हाताला गोळा लागतो. हा लायपोमा. जुनी माणसं अशा कुठल्याही गोळ्याला आवाळू म्हणायची, आयुर्वेदात मेदोज ग्रंथी हा शब्द आहे. शंभरातल्या साधारण एकाला लायपोमा असतो, बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि जास्त करून मान, खांदा, पाठ, दंड किंवा मांडीवर. बोटांनी दाबलं तर मऊ लागतो, कडेला बोट लावलं की सटकतो, दुखत नाही. वर्षानुवर्षं तेवढाच राहतो किंवा अगदी हळू वाढतो. असा लायपोमा पुढे कॅन्सर होत नाही, असं निर्धास्तपणे म्हणता येतं. बघायला वाईट दिसत नसेल, कपड्याखाली घासत नसेल, तर तो काढण्याचीही गरज नसते.

इथे लोकांच्या मनात काही गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात. तेलकट खाल्लं म्हणून गाठ आली, हे खरं नाही. बऱ्याच लायपोमांच्या पेशींत गुणसूत्रांची थोडी उलटापालट सापडते, काही घराण्यांत बाप-लेक-काका सगळ्यांच्या अंगावर अशा गाठी असतात, पण वड्या-भज्यांशी त्यांचा संबंध नाही. वजन उतरवलं की गाठ विरघळते, हेही खरं नाही. उलट आजूबाजूची चरबी उतरते, गाठ तशीच राहते आणि जास्त उठून दिसते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं म्हणजे यकृतात चरबीची गाठ झाली असंही नाही. तिथे यकृताच्या पेशींत चरबी साठलेली असते, तो निराळाच आजार. आणि गाठीला बिब्बा लावू नका, हात जोडून सांगते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, गाठ आहे तिथेच राहते, आणि जखम पिकली की आधी ती भरण्यात महिना जातो.

हाताला लागणारी प्रत्येक मऊ गोष्ट चरबीची गाठच असते असंही नाही. वर बारीक काळा ठिपका असेल आणि दाबल्यावर दुर्गंधी येणारा पांढरा चोथा निघत असेल, तर ती कातडीची पुटकुळी, म्हणजे सिस्ट. खोकल्यावर फुगणारा, आडवं झाल्यावर आत जाणारा गोळा हर्निया असू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना पोटावर रोज त्याच जागी सुई टोचून चरबीचे उंचवटे येतात. त्या गाठी नव्हेत, पण तिथे टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलत राहायची. आणि तान्ह्या बाळाच्या पाठीच्या खालच्या भागात, बरोबर मध्यरेषेवर, मऊ चरबीचा उंचवटा असेल तर तो कुणालाही असाच कापू देऊ नका. त्याची मुळं कधीकधी मणक्यातून आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली असतात. आधी मणक्याची तपासणी, मग पुढचं.

साध्या गाठींतही नात्यागोत्याचा मोठा पसारा आहे. ज्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं ती अँजिओलायपोमा. लायपोमा दुखत नाही या नियमाला ती अपवाद. तरुण मुलांच्या हातावर, एकापेक्षा जास्त, दाबल्यावर कळ येणाऱ्या. लहान मुलांत, बहुतेक तिसऱ्या वर्षाच्या आत, दिसते ती लायपोब्लास्टोमा. ती भराभर वाढते, त्यामुळे आईबाप घाबरून जातात, पण ती कॅन्सर नसते. थंडीत झोपून राहणाऱ्या प्राण्यांच्या अंगात जी तपकिरी चरबी असते, तसल्या चरबीची गाठ म्हणजे हायबर्नोमा. दुर्मीळ आहे, बहुधा मांडीत सापडते, आणि पेट स्कॅनमध्ये इतकी झळाळते की कॅन्सरच वाटावा. गाठ साधीच.

स्पिंडल सेल लायपोमाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे आलेले एक काका आठवतात. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये उमेदीची सगळी वर्षं गोणी वाहण्यात गेलेले माथाडी, राहायला कोपरखैरणे, मूळचे पाटणकडचे. मानेच्या मागे, गोणी टेकते तिथेच, लिंबाएवढी गाठ. "ओझ्याने आलीय, सगळ्यांनाच येते," असं म्हणून त्यांनी ती सहा वर्षं अंगावर काढली. ओझ्याने कातडी जाड होते, तिथे पाण्याची पिशवीही धरते, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गाठ काढली आणि मुलगा बरणी घेऊन आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चरबी कमी, आणि चातीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी रांगेने पसरलेल्या, मधूनमधून दोरखंडासारखे जाड तंतू. नवख्या डोळ्यांना हे चित्र भीतीदायक वाटेल. पण पन्नाशी-साठीचा पुरुष, मानेच्या मागची जागा, कातडीलगतची गाठ आणि हे दोरखंड, या चारही गोष्टी एकत्र आल्या की नाव ठरतं: स्पिंडल सेल लायपोमा, साधी गाठ. खात्रीसाठी सीडी-३४ नावाचं प्रथिन दाखवणारा रंग लावला, तोही अपेक्षेप्रमाणे आला. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे गोणी उचलायला हरकत नाही?" जखम भरली की काहीच हरकत नाही, असं सांगितलं.

हे सांगण्याचं कारण असं, की नुसत्या पेशींवरून निदान होत नाही. वय काय, गाठ कुठे आहे, कातडीलगत आहे की स्नायूच्या आत, किती दिवसांची, आधी कधी काढली होती का, हे कळलं नाही तर आम्ही अर्धे आंधळे असतो. बरणीबरोबर येणाऱ्या फॉर्मवर हे रकाने अनेकदा कोरे असतात. तुम्ही बरणी घेऊन येत असाल तर हे सांगा, जुने रिपोर्ट असतील तर बरोबर आणा.

आता धोक्याच्या गाठी. चरबीच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे लायपोसार्कोमा. तो दुर्मीळ आहे, आणि पाठीवर वीस वर्षं असलेल्या मऊ गोळ्यातून तो जन्माला येत नाही. तो सुरुवातीपासूनच निराळा असतो, फक्त दिसायला लायपोमासारखा. चार गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी थांबायचं: गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, ती खोल असेल, म्हणजे स्नायू आवळल्यावर हलायची बंद होत असेल किंवा लपत असेल, काही महिन्यांत वाढलेली जाणवत असेल, किंवा एकदा काढून त्याच जागी परत आली असेल. दुखायला लागली तरी दाखवावी, पण न दुखण्यावर विसंबू नका. लायपोसार्कोमा बरेचदा मुळीच दुखत नाही, आणि लोक वेळ घालवतात तो याच भरवशावर.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं असंच झालं. पंचेचाळिशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. मांडी घालून बसलं की उजवी मांडी जाड वाटायची, लेगिंग एका बाजूने घट्ट व्हायची. दुखत काहीच नव्हतं. एका छोट्या दवाखान्यात जागेवरच भूल देऊन गाठ काढायला घेतली. कातडीखाली काही नव्हतं, गाठ स्नायूच्या आत होती, आणि वाटलं होतं त्याच्या दुपटीने मोठी. छोट्या चिरेतून ती तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. सगळे तुकडे एकत्र ठेवल्यावर ९ सेंटिमीटर. नवऱ्याने आग्रह धरून बरणी मागून घेतली आणि आमच्याकडे आणली. त्या एका आग्रहाने पुढचं सगळं ठरलं.

तुकडे आमच्याकडे आले की काय होतं ते सांगते. चरबीत फॉर्मालिन सावकाश मुरतं, म्हणून आधी त्याच्या चकत्या करून आणखी एक-दोन दिवस ठेवाव्या लागतात. रिपोर्टला उशीर का, याचं एक कारण हे. मग साधारण दर सेंटिमीटरला एक तुकडा निवडतो, आणि जिथे रंग वेगळा, जिथे बोटाला घट्ट लागतं, तिथले जास्त. पुढे मेणात बसवण्याआधी तुकडा स्पिरिट आणि झायलीनमधून जातो आणि त्यात चरबी विरघळून जाते. म्हणून स्लाइडवर आम्हाला चरबी दिसतच नाही. दिसतात ती तिची रिकामी घरं: मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पांढरी, गोल, पातळ भिंतींची, आणि भिंतीला चिकटलेलं एवढंसं केंद्रक. साध्या लायपोमात ही घरं सारख्या आकाराची असतात. ताईंच्या गाठीतही स्लाइडमागून स्लाइड तेच चित्र होतं. अकराव्या स्लाइडवर एक जाड पट्टा दिसला आणि त्यात मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रकं. दहा स्लाइडवर थांबले असते तर 'लायपोमा' लिहून मोकळी झाले असते.

अशा वेळी खरा निकाल जनुकांत असतो. आपल्या बाराव्या गुणसूत्रावर एमडीएम-२ नावाचं जनुक आहे. पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन पहाऱ्यावर असतं: पेशी बिघडली की तिची वाढ थांबवायची, वेळ पडली तर तिला मारायचं, हे त्याचं काम. एमडीएम-२ या पहारेकऱ्याला आवरून धरतं. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात, त्यामुळे तोल राहतो. धोक्याच्या चरबीच्या पेशींत त्याच्या भाराभर प्रती झालेल्या असतात, अनेकदा बांगडीसारख्या गोल झालेल्या जादा गुणसूत्रावर. पहारेकरी दबून जातो. 'फिश' नावाच्या तपासणीत या जनुकाला चमकणारा रंग चिकटवतात. साध्या पेशीत दोन ठिपके दिसतात, आणि अशा गाठीच्या पेशीत मूठभर भगर सांडल्यासारखे. ताईंच्या पेशींत भगर सांडलेली होती.

या गाठीचं नाव 'अॅटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर'. हातापायात झाली तर हे नाव, आणि हीच गाठ पोटाच्या मागच्या भागात झाली तर 'वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा'. पेशी त्याच, जनुक तेच, नावं दोन. लोकांना हे विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. ही गाठ आहे त्या रूपात शरीरात दुसरीकडे पसरत नाही, फक्त त्याच जागी परत येऊ शकते. मांडीतली गाठ पूर्ण काढता येते, परत आली तर पुन्हा काढता येते, म्हणून तिथे 'कॅन्सर' हा शब्द टाळतात. पोटामागे, मूत्रपिंड आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून वाढलेली गाठ मुळासकट काढणंच अवघड असतं, ती पुन्हापुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी एक भीती असते: तिच्यातल्या काही पेशी चरबी तयार करणंच सोडून देतात आणि आक्रमक होतात. हा 'डीडिफरन्शिएटेड' प्रकार, आणि तो मात्र फुफ्फुसात, यकृतात पसरू शकतो. पोटामागच्या जागेत साधा लायपोमा फार क्वचित होतो. त्यामुळे तिथे मोठी चरबीची गाठ दिसली की उलट सिद्ध होईपर्यंत ती धोक्याचीच धरतात. या गाठी २० सेंटिमीटरच्या पुढे वाढलेल्या सापडतात, कारण आत जागा भरपूर असते. पेशंटला फक्त पोट सुटल्यासारखं वाटतं. हातपाय बारीक होतायत आणि पोट वाढतंय, असं दिसलं तर गॅसवरचं औषध घेत बसू नका, सोनोग्राफी करा. सोनोग्राफीत मूत्रपिंडावर 'अँजिओमायोलायपोमा' असा शब्द आला तर ती बहुतेक वेळा निराळी, साधी गाठ असते. लहान असेल तर नजर ठेवतात, मोठी झाली की रक्तस्रावाची भीती म्हणून उपचार करतात.

आणखी दोन प्रकार. मिक्सॉइड लायपोसार्कोमा तरुण वयात, तिशी-चाळिशीत, बहुधा मांडीत होतो. त्याची खोड अशी की त्यात चरबी फार थोडी आणि पाण्यासारखा बुळबुळीत द्राव जास्त. त्यामुळे सोनोग्राफीत किंवा साध्या एमआरआयमध्ये तो पाण्याची गाठ वाटू शकतो. बाराव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल ही त्याची खूण. इतर सार्कोमा, म्हणजे हाडांचे आणि मऊ भागांचे कॅन्सर, बहुधा आधी फुफ्फुसात जातात, हा बरेचदा मणक्यात किंवा शरीराच्या दुसऱ्याच मऊ भागात जातो, म्हणून त्याच्या पेशंटना छातीच्या सीटी स्कॅनबरोबर मणक्याचा एमआरआयही करायला सांगतात. रेडिएशनला मात्र तो चांगली दाद देतो. चौथा, प्लिओमॉर्फिक, सगळ्यांत दुर्मीळ आणि सगळ्यांत दांडगा, वयस्कर माणसांच्या हातापायात.

मग ताईंच्या बाबतीत क्रम काय हवा होता? आधी सोनोग्राफी. लहान, कातडीलगतच्या गाठीला तेवढी पुरते. गाठ खोल किंवा मोठी असेल तर सुरी लावण्याआधी एमआरआय. एमआरआयमध्ये चरबी पांढरीशुभ्र दिसते, आणि यंत्राला 'चरबी लपव' असं सांगता येतं. तसं केल्यावर साधा लायपोमा दिवा मालवावा तसा पूर्ण काळा होतो. काही भाग उजळ उरला, आतले पडदे २ मिलिमीटरपेक्षा जाड निघाले, किंवा चरबी नसलेला घट्ट गोळा दिसला, तर संशय धरायचा. एमआरआयसुद्धा चुकतो. जुना मार बसलेला साधा लायपोमाही कधी असाच दिसतो. म्हणून त्यानंतर बायॉप्सी.

बायॉप्सी म्हटली की लोक दोन गोष्टींत गल्लत करतात. एक सुईची टेस्ट, म्हणजे एफएनएसी, जिच्यात बारीक सुईने चार पेशी ओढतात. चरबीच्या गाठीत तिचा उपयोग तोकडा, कारण सुई गाठीच्या शेजारी गेली तरी चरबीच येणार. "सुईत चरबी आली, म्हणजे लायपोमा," हा निष्कर्ष खोल गाठीत धरू नये. दुसरी कोअर बायॉप्सी: जाड सुईने गाठीचे काडीसारखे तुकडे घेतात, त्यावर सगळ्या तपासण्या करता येतात. एमआरआयमध्ये जो भाग संशयाचा दिसला त्यातूनच तुकडा घ्यायचा, आणि सुई कुठून घालायची हे नंतर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवायचं, कारण ती वाटही गाठीबरोबर काढावी लागू शकते. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीने लोक बायॉप्सी नाकारतात आणि थेट गाठ कापून घेतात. नीट ठरवून घेतलेल्या सुईपेक्षा तुकड्यांनी ओरबाडून काढलेल्या गाठीत धोका किती तरी जास्त असतो.

संशय असेल तर पहिलं ऑपरेशन हाडांच्या आणि मऊ भागांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या ठिकाणीच व्हावं. ठाणे-नवी मुंबईकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१पासून आहे, आणि त्याच संस्थेचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कागदपत्रांचं आधी त्यांना विचारा.

गाठ काढायचं ठरलं की आधीच डॉक्टरांना सांगा, "तपासायला पाठवायची आहे." यात कुणाचा अपमान होत नाही. बरणी रुंद तोंडाची असावी आणि तिच्यात फॉर्मालिनच हवं. पाण्यात, सलाइनमध्ये किंवा घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या गाठी आमच्याकडे येतात, आणि तोवर पेशी कुजलेल्या असतात. आत काय आहे ते बघायला घरी कापू नका, कारण बाहेरच्या कडेला आम्ही शाई लावून गाठ पूर्ण निघाली का ते बघतो. कडच कापलेली असेल तर ते सांगता येत नाही. आणि रिपोर्ट मिळाला म्हणजे गाठ संपली असं नाही. मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये सांभाळून ठेवलेले असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागा. मोठ्या रुग्णालयात सगळ्यांत आधी तेच मागतात.

ताईंचे ब्लॉक खारघरला गेले, तिथे पुन्हा वाचले गेले, निदान तेच आलं. ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये स्नायूत गाठीचा थोडा भाग राहिलेला दिसला. तो मार्चमध्ये एकसंध काढला, कडा मोकळ्या आल्या, म्हणजे कडेला गाठीच्या पेशी नव्हत्या. ब्लॉक परत येऊन आमच्या कपाटात त्यांच्या नंबरच्या खणात ठेवले आहेत. त्यांचा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.